पोथीबाहेरचे वैद्यक



हळदीच्या पेटंटची लढाई मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. हळदीने जखम भरून काढण्याच्या उपायावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. गोव्यातल्या माशेलशी नाते सांगणाऱ्या या शास्त्रज्ञाने ती लढाई जिंकली, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. मात्र ही लढाई कोणत्या पुराव्यावर जिंकली गेली, याची चर्चा कमी होते. परदेशातले लोक एखादा उपाय पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, एवढे दाखवून त्या काळच्या अमेरिकी कायद्यात भागत नव्हते. तो उपाय कुठेतरी छापलेला असावा लागे. म्हणून सीएसआयआरने बत्तीस लेखी संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी हातांना अमेरिकी पेटंट कचेरीत पुरावा म्हणून काहीच किंमत नव्हती. आता हळदीच्या जागी असा एखादा कंद कल्पून पाहा, ज्याचा गुण फक्त रायगडमधल्या काही कातकरी वाड्यांना ठाऊक आहे आणि ज्याचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात नाही. तो खटला आपण हरलो असतो.

आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे की आदिवासी वैद्यकावर आपण दोन अन्याय करत आलो आहोत आणि ते एकमेकांना धरून आहेत. हे वैद्यक लिहिलेले नाही, म्हणून त्याचे आपण काही देणे लागत नाही, हा पहिला. आणि देणे लागत नसल्यामुळे ते गंभीरपणे तपासण्याची जबाबदारीही आपण घेत नाही, हा दुसरा. हक्क आणि तपासणी या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे समजले जाते. वैदूची बाजू घेणारे तपासणीला बिचकतात आणि तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांना वैदूचा हक्क ही भाबडेपणाची मागणी वाटते. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच मान्यतेतून येतात. समोरच्या माणसाला काही ठाऊक आहे असे आपण खरोखर मानले, तर त्याचे म्हणणे पारखून घेणेही आले आणि त्यातून काही निष्पन्न झाले तर त्याचा वाटा देणेही आले.

आधी हे वैद्यक कोणाच्या हाती आहे ते पाहू. पालघर-ठाण्याच्या वारली, ठाकर, कातकरी पाड्यांवर भगत आणि वैदू आहेत. मेळघाटात कोरकूंचे भूमका आणि पडियार आहेत, गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत पुजारी, सातपुड्यात बडवे, आणि सगळीकडे सुईणी. यांची कामे एकसारखी नाहीत. कोणी झाडपाला देतो, कोणी मोडलेले हाड बसवतो, कोणी बाळंतपण करते, कोणी धान्याचे दाणे पाहून आजार कोणाच्या कोपाने आला ते सांगतो. काही जण यांतली दोन-तीन कामे करतात. शहरात बसून या सगळ्यांना ‘मांत्रिक’ म्हणणे सोपे आहे आणि सगळ्यांना ‘निसर्गाचे डॉक्टर’ म्हणणेही तितकेच सोपे आहे. दोन्हींत आळस आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात आदिवासी सुमारे १० कोटी ४० लाख आणि महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी आजारी माणूस पहिल्यांदा कोणाकडे जातो, याचे उत्तर श्रद्धेपेक्षा अंतराने अधिक ठरते.

जंगलातल्या माणसाच्या ज्ञानाचे ऋण आपल्या प्राचीन वैद्यांनी तरी लपवले नव्हते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणारे व इतर वनवासी वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. सुश्रुतसंहिताही औषधींची ओळख गुराखी, तापस, व्याध आणि वनचर यांच्याकडून करून घ्यायला सांगते. चरक मात्र तिथेच थांबत नाही. नाव आणि रूप कळणे पुरेसे नाही, देश, काळ आणि रोगी पाहून योजना करणारा तोच खरा वैद्य, असे तो पुढे म्हणतो. शास्त्र म्हणून हे म्हणणे बिनतोड आहे. पण त्यातून कामाची एक वाटणीही ठरून गेली. वनवासी झाड दाखवणार, विचार करणार वैद्य. कोणते झाड, कोणत्या महिन्यात, मूळ की साल, किती, कोणाला द्यायचे नाही, हे सारे पाड्यावरच्या वैदूलाही ठरवावे लागते. तीही योजनाच आहे. ती ग्रंथात उतरली नाही, एवढाच फरक.

सर्पगंधेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आयुर्वेदात ती होती आणि बिहारकडे लोक तिचे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकत, वापरत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या परिणामाबद्दल लिहिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि रक्तदाबावरचे औषध म्हणून ही वनस्पती जगापुढे गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. या साखळीत डॉ. वकील यांचे नाव आहे, सेन-बोस यांचे आहे, कंपनीचे आहे. लोक हे मूळ वेडावर देतात, यावरूनच ज्या शोधाची दिशा ठरली, त्यातला मूळ खणणारा आणि देणारा माणूस मात्र साखळीच्या पहिल्या कडीतच हरवला. डॉ. वकिलांचे काम थोर आहे, त्याला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. रक्तदाब मोजून, रोग्यांची नोंद ठेवून त्यांनी जे सिद्ध केले ते पाड्यावर सिद्ध होऊ शकले नसते. माझा आक्षेप आहे तो एवढाच की ‘लोकांना हे आधीपासून ठाऊक होते’ हे वाक्य प्रस्तावनेत येते आणि हिशेबात येत नाही.

हळदीच्या विजयानंतर सरकारने धडा घेतला, पण अर्धाच. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींच्या ग्रंथांतील हजारो योग परदेशी भाषांत मांडून पेटंट कचेऱ्यांपुढे ठेवले गेले आणि त्यामुळे अनेक चुकीची पेटंटे अडली. पण हे ग्रंथालय ग्रंथांचे आहे. जे ग्रंथात नाही, ते या कुंपणाबाहेरच राहिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने दुसरा मार्ग उघडला होता. जैवसंपदा आणि तिच्याविषयीचे ज्ञान वापरून व्यापार करणाऱ्याने लाभाचा न्याय्य वाटा स्थानिकांना द्यावा, असे त्याचे सूत्र. भारतीय कंपन्यांनाही हे लागू आहे का, हा वाद उत्तराखंड उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने दिव्य फार्मसी या औषध कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला की होय, त्यांनाही वाटा द्यावा लागेल. डोंगरातल्या गावांच्या बाजूने लागलेला हा महत्त्वाचा निकाल होता. पाच वर्षांत संसदेने कायदाच बदलला. २०२३ च्या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्या देशी उद्योगांना या बंधनातून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे काय? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या अधिकृत ग्रंथांची नावे आहेत, त्यांतून आलेले ज्ञान.

या तरतुदीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आयुर्वेद ही साऱ्या देशाची ठेव आहे, तिच्यावर एका गावाचा दावा कसा चालेल, हा दुरुस्तीमागचा युक्तिवाद वरवर पाहता पटण्यासारखा आहे. पण चरक आणि सुश्रुत ज्यांना विचारायला सांगतात त्या वनचरांचे ज्ञानच त्या ग्रंथांत उतरले असेल, तर ते लिहिले गेल्यामुळे त्यांचा हक्क संपतो. आणि ज्यांचे ज्ञान लिहिले गेले नाही त्यांना ते आपले होते हे सिद्धच करता येत नाही. लेखणी ज्याच्या हाती, त्याचीच दोन्हीकडे सरशी. शिवाय ग्रंथातल्या योगातली वनस्पती आजही जंगलातूनच आणावी लागते. ती ओळखणारा, तिला मुळापासून न उपटता तिचा भाग काढणारा माणूस पाड्यावरचाच असतो. त्याला मिळते ती किलोमागची मजुरी. सातपुड्यातली सफेद मुसळी असो की सह्याद्रीतले नरक्याचे झाड, व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर ज्ञानाचे वजन होत नाही.

नरक्याचे नाव घेतलेच आहे, तर न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्करोगावरच्या औषधांचा आधार असलेले कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये वॉल आणि वानी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते १९७२ मध्ये आपल्या नरक्यात सापडले. हा रसायनशास्त्राचा शोध होता. नरक्यासाठी सह्याद्रीची जी तोड झाली ती भयंकर आहे आणि तिची भरपाई झाली पाहिजे, पण कर्करोगाचे औषध आदिवासींनी शोधले असे म्हणणे खोटे ठरेल. प्रत्येक वनौषधीमागे वैदूचा हक्क उभा करण्याची घाई केली, तर जिथे तो खरोखर आहे तिथेही कोणी विश्वास ठेवणार नाही.

वैदूचा हक्क खरोखर आहे असे एक प्रकरण आपल्या देशातच घडले आहे आणि त्याचा तपशील पाहण्यासारखा आहे. केरळातल्या अगस्त्य पर्वतरांगेत १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक काणी आदिवासींना वाटाडे म्हणून घेऊन फिरत होते. शास्त्रज्ञ दमत होते, वाटाडे ताजेतवाने होते. चालता चालता ते एका रोपट्याची फळे खात होते. ते रोपटे म्हणजे आरोग्यपच्चा. काणींनी बरेच आढेवेढे घेतल्यावर ते दाखवले. तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने त्यावर डॉ. पुष्पांगदन यांच्या पुढाकाराने काम केले, पानांतली गुणकारी द्रव्ये शोधली आणि आणखी तीन वनस्पती मिसळून ‘जीवनी’ हे औषध तयार केले. १९९५ मध्ये कोईमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या बोलीवर परवाना दिला गेला आणि दोन्हींचा अर्धा वाटा काणींचा ठरला. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदवला गेला. जैवविविधता कायदा येण्याच्या पाच वर्षे आधी, कोणतीही सक्ती नसताना, एका संशोधन संस्थेने हे केले. याबद्दल तिचे नाव आदराने घेतले पाहिजे.

पुढे अडचणी आल्या, आणि त्या शिकवणाऱ्या आहेत. काणी एका ठिकाणी राहत नाहीत, त्यांच्या वस्त्या वेगवेगळ्या पंचायतींत पसरलेल्या आहेत. माहिती एका भागातल्या लोकांनी दिली, मग इतर वस्त्यांचे काय? त्यांना कोणी विचारले नव्हते आणि काहींनी कडक आक्षेप घेतला. या रोपट्याच्या पानांचा गुण नैसर्गिक जंगलातच टिकतो असे आढळल्यावर पाने राखीव जंगलातून आणणे भाग पडले आणि तिथे वनखाते आडवे आले. ज्यांच्या ज्ञानातून औषध झाले त्यांनाच कच्चा माल तोडायची परवानगी नाही, अशी अवस्था झाली. या अडचणींवरून काही जण निष्कर्ष काढतात की लाभवाटप ही कल्पनाच अव्यवहार्य आहे. मला तो निष्कर्ष उलटा वाटतो. वाटा देण्याची इच्छा होती, पण जंगलावरचा हक्क काणींना नव्हता आणि समाज म्हणून निर्णय घेणारी त्यांची सभा कायद्याच्या नजरेत नव्हती. ज्ञानाचा हक्क हवेत राहत नाही, त्याला पायाखाली जमीन लागते.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. वैदू-भगतांच्या उपायांनी माणसे मरतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके दिले जातात. सर्पदंशाचा रोगी मंत्रात तास घालवतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर होतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा आकडा समोर असताना ‘परंपरेचा आदर’ असे नुसते म्हणणे क्रूरपणाचे होईल. मंत्राने उतरणारे विष हे मुळात विष नसते. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी साप चावला तरी दर वेळी विष शरीरात जातेच असे नाही, आणि वाचलेल्या प्रत्येक रोग्याचे श्रेय मंत्राच्या खात्यावर जमा होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच समजावून सांगितले. त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. तो कायदा मला पूर्णपणे मान्य आहे. त्याची रचनाही पाहावी. उपचारापासून रोखण्याला तो गुन्हा म्हणतो, झाडपाला देण्याला म्हणत नाही. काम वेगवेगळे करून पाहण्याची ही शिस्त आपल्या सार्वजनिक चर्चेत आली पाहिजे.

या आक्षेपाचे दुसरे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बालन्यूमोनियावर काम केले, तेव्हा गावातल्या सुईणींनाही निदान आणि प्रतिजैविक देणे शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि बालमृत्यू घटल्याचे त्यांत दिसले. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगात गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे यश झाडपाल्याचे नाही, आधुनिक वैद्यकाचे आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ते गावाने आधीच विश्वास टाकलेल्या हातांतून आणि गावच्या भाषेतून आले. आणि त्याच राणी बंगांनी ‘गोईण’ हे पुस्तक लिहून गडचिरोलीच्या लोकांना झाडांविषयी काय काय ठाऊक आहे ते कौतुकाने नोंदवले. कठोर चाचणी आणि मनापासूनचा आदर एकाच माणसाच्या कामात राहू शकतो, याला यापेक्षा दुसरा पुरावा कशाला हवा? उलट चटके देणाऱ्या भूमकावर नुसता गुन्हा नोंदवून यंत्रणा निघून गेली, की पुढचे बाळ लपवून त्याच्याकडे नेले जाते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. ज्ञान साऱ्या मानवजातीचे, त्याला मालकी कसली? ही भूमिका मनाला भिडणारी आहे आणि ती सगळ्यांना सारखी लावली असती तर मी तिच्यापुढे मान तुकवली असती. पण कंपनीच्या रेणूला वीस वर्षांचे पेटंट आणि वैदूच्या मुळीला मानवजातीचा वारसा, अशी ती लावली जाते. जोवर पहिली मालकी आपण मान्य करतो, तोवर दुसरीला नकार देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

मग सोपा उपाय म्हणून सांगितले जाते की सगळे लिहून काढा. जैवविविधता कायद्यात लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची तरतूद आहे आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी त्यांची मूळ कल्पना मांडली ती लोकांनी स्वतः अभ्यास करून, चर्चा करून लिहावे म्हणून. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर ठिकठिकाणी त्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेली नोंदवही दोन्हीकडून नुकसान करते. तपासणीला उपयोगी पडेल इतका तपशील तिच्यात नसतो आणि व्यापाऱ्याला दिशा दाखवायला पुरेल इतका असतो. औषध कोणाला सांगितले की त्याचा गुण जातो, असे पुष्कळ वैदू मानतात. या समजुतीकडे अज्ञान म्हणून पाहण्याआधी तिचे काम काय आहे ते पाहावे. ज्याच्याकडे वकील नाही, नोंदणी कचेरी नाही, त्याची ती राखण आहे. न सांगण्याचा हक्क हाही हक्कच आहे, आणि लिहिण्याआधी हे ठरले पाहिजे की लिहिलेले कोणाच्या ताब्यात राहील.

ते ठरवण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट मान्य केलेला आहे. त्याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा बांबूची मालक झाली. बांबू विकणारी ग्रामसभा ज्ञानाचा करार करू शकणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पेटंटच्या अर्जात, ज्ञान ज्या मूलनिवासी समाजाकडून आले तो उघड करण्याची अटही पुढे आणली आहे. उणीव आहे ती विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या सवयीत. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पाड्यावर जातो, वैदूला विचारतो, तक्ता भरतो, प्रबंध सादर करतो. वैदूचे नाव शेवटच्या पानावरच्या आभारातही नसते आणि ग्रामसभेच्या परवानगीची चौकट अर्जात असली तर ती सरपंचाच्या शिक्क्याने भरली जाते.

ही सवय बदलायची तर पहिल्या मुलाखतीआधी ग्रामसभेशी तिच्या भाषेत लेखी करार व्हावा. काय प्रसिद्ध करायचे आणि काय नाही हे तिने ठरवावे. पुढे औषध झाले तर वाटा किती आणि तो किती वस्त्यांत वाटायचा, हे आधीच बोलून ठरावे, म्हणजे काणींसारखा तंटा नंतर उभा राहणार नाही. आणि या करारात एक कलम असे असावे जे आजवरच्या लाभवाटपाच्या चर्चेत मला फारसे दिसत नाही: तपासणीत जे वाईट निघेल तेही परत सांगण्याचे. उदाहरणार्थ, सापसंद ही वेल सर्पदंशावर म्हणून देशभर वापरली जाते. तिच्या कुळातल्या वनस्पतींतले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते, हे १९९३ मध्ये बेल्जियममधल्या रुग्ण स्त्रियांच्या अनुभवातून जगाला कळले आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वनस्पती असलेली औषधे मानवात कर्करोग घडवणारी म्हणून पहिल्या गटात टाकली. ही माहिती इंग्रजी नियतकालिकांत आहे, औषधनियंत्रकांच्या फायलीत आहे. ती वेल अंगणात जपणाऱ्या वैदूपर्यंत ही माहिती गोंडीत, कोरकूत, वारलीत नेण्याची जबाबदारी आज कोणावरही नाही.